सोळा खटके

मशीन मद्रासहून ट्रकनं आलं, कुणाच्या तरी हातचं.
पेटीवर जुन्या मालकाचं नाव, अर्धं खरवडलेलं.
खडेबाजारच्या जिन्यानं सहा हमालांनी वर चढवलं
आणि वर गेल्यावर कळलं, दार अरुंद.
चौकट काढली. ती पुन्हा नीट बसली नाही कधीच.

कपाटाएवढं धूड. तोंडावर सोळा खटके
आणि त्यांच्यावर सोळा बारके लाल दिवे.
वीज गेली म्हणून ते काही विसरत नसे.
एखादा कार्यक्रम वेडावून स्वतःवरच लिहीत सुटला
की मात्र सगळं विसरे,
टेप कशी वाचायची हेसुद्धा.
तेवढं मग आपण शिकवायचं, बोटांनी:
वर म्हणजे एक, खाली म्हणजे शून्य,
सोळा खटके लावायचे, भरणीचा दांडा दाबायचा,
पुन्हा सोळा, पुन्हा दांडा.
असे सतरा शब्द.
त्यानंतर वाचक घरघरायचा
आणि पिवळी भोकांची पट्टी आत ओढायला लागायचा.

बसलिंगप्पा हे डोळे मिटून करायचा,
"म्याल, म्याल, केळग, म्याल..."
मी मराठीत पुटपुटायचो आणि नवव्या शब्दाला हमखास चुकायचो.
"काय करूलास बा? परत पयल्यापासनं."

आई एकदा डबा घेऊन वर आली. वडगावची, जन्म मागावर गेलेला.
टेबलावर स्मृतीचं एक फुटकं पान पडलेलं:
मोहरीहून लहान काळी कडी, त्यांतून तांब्याची तार,
उभी, आडवी, आणि एक तिरकी.
तिनं ते उजेडाकडं धरलं. बराच वेळ.
"हे बाईमाणसानं ओवलंय," म्हणाली,
"आणि इथं, बघ, तिला डुलकी लागलीय."
भोकांची पट्टी दाखवली तर हसली.
जकार्डाची पुठ्ठी तिनं माझ्या वयाच्या दुप्पट वर्षं ओढली होती.

पडद्यावर मराठी दिसतच नसे.
हिरवी रोमन अक्षरं, मध्ये आकडे.
आपण टंकलं ते खरंच उमटलं का,
ते अंधाऱ्या खोलीत ब्रोमाइड धुऊन निघाल्यावरच कळायचं.

त्या रात्री पट्टी फाटली. मी चिकटवली.
चिकटपट्टीखाली एक भोक बुजलं, एवढंच.
दोन वाजता कलघटगी मास्तर ओला कागद घेऊन आले,
टोकाला धरून, मेलेला उंदीर धरावा तसा.
पहिल्या पानावर, ठळक टायपात:
बे गाव.
बाजारभावात के ी, हवामानात ढगा आकाश.
बसलिंगप्पानं आपलं कन्नड साप्ताहिक धुऊन आणलं.
तिथंही शहराच्या नावाच्या मधोमध तेवढीच फट.
दोन्ही लिप्यांचा ळ एकाच कळीवर होता ना.

बाहेर तेव्हा त्या नावावरून दगड पडत होते.
मालक खुर्चीत बसले, उठले, परत बसले.
"दोन्हीकडनं मार खाणार आपण," म्हणाले.

नवी पट्टी पाडायला वेळ नव्हता.
काळ्या शाईची एक दौत, बारीक निबाचे दोन टाक.
काचेच्या टेबलाखाली बल्ब लावून आम्ही समोरासमोर बसलो
आणि साडेचारपर्यंत ळ काढत राहिलो.
त्याचा ळ माझ्या बाजूनं उलटा दिसायचा.
एकशे चौऱ्याहत्तर मी मोजले, त्याचे त्यानं मोजले नाहीत.
माझा एक राहिला, श्रद्धांजलीत. कुणी काही बोललं नाही.

मशीन पुढं वजनावर गेलं,
उद्यमबागेतल्या कुणी तांब्यासाठी नेलं.
परवा घरी विजेचा नवा बोर्ड बसवला, आठ बटणांचा.
रात्री पाणी प्यायला उठलो
आणि बोटं आपोआप सुरू झाली.
नवव्यापर्यंत बरोबर. अकरावा शब्द आठवेना.
दिवे लागत होते, विझत होते, सून दारात येऊन उभी.

बसलिंगप्पा गोकाकला असतो, लेकीकडं.
नंबर आहे.
उजाडलं की लावतो.